चोरीचे, विकतचे आणि मुक्त

आमच्या डोलवी परिसरातील एका बौद्धवाडीत जयंतीची जुनी स्मरणिका पुन्हा छापण्याचे ठरले. मजकूर वीस-बावीस वर्षांपूर्वीचा, वाडीतल्याच पोरांनी कारखान्याची पाळी करून रात्री जागून टाईप केलेला. सीडी सापडली, पण उघडून पाहतो तो पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी! मराठी फाँट एका कंपनीचा होता आणि ते जुने पॅकेज नव्या संगणकावर बसेना. दिवंगत कार्यकर्त्यांच्या आठवणी आमच्या, लिपी आमची, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात. शेवटी छापील प्रत पुढ्यात ठेवून वाडीतल्या दोन मुलींनी सगळा मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाईप केला.

त्या काळी प्रत्येक कंपनी मराठी अक्षरांना आपापले क्रमांक देई, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर वाचता येत नसे. युनिकोडमध्ये एका अक्षराला जगभर एकच क्रमांक. देवनागरी त्यात 1991 पासून आहे, पण गावोगावच्या छापखान्यांपर्यंत ते यायला फार वर्षे लागली.

टाईप करता करता त्यातल्या एकीने विचारले, "काका, तो फाँट तेव्हा आपण विकत घेतला होता का?" आम्ही गप्प. घेतला नव्हता. कुणीतरी कॉपी करून दिला होता आणि तेवढा खर्च वाचला म्हणून आम्ही खूष झालो होतो.

न दिलेले घेणार नाही, असे दर रविवारी विहारात म्हणायचे आणि घरी चोरीचे सॉफ्टवेअर लावायचे, हे कसे जमते? "गडगंज कंपनीचे काय जाते?" असे काही बांधव म्हणतात. परंतु दुसऱ्या शीलात धन्याची श्रीमंती विचारलेली नाही. कॉपीराईट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने कलम 63 ब आले. जाणूनबुजून चोरीची प्रत संगणकावर वापरणाऱ्यास 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते.

पण विकणाऱ्याचे सगळेच न्याय्य, असेही आम्ही मानत नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू शेजाऱ्याला द्यायची नाही, उघडून पाहायची नाही, दुरुस्त करायची नाही, ही कसली खरेदी? अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना हाच अनुभव आला. नवा प्रिंटर वारंवार अडके. दुरुस्तीसाठी त्याची मूळ आज्ञावली मागितली, तर ती ज्याच्याजवळ होती त्याने, ती कुणाला न देण्याचा करार केला आहे, असे सांगून नकार दिला. पुढे 1983 मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. वापरा, आत कसे चालते ते पाहून बदला, प्रती वाटा, सुधारलेली प्रतही वाटा, असे हक्क देणारे सॉफ्टवेअर ते मुक्त. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि ही जोडी जमली. इथे प्रत वाटणे चोरी नाही, कारण देणाऱ्यानेच ती दिली आहे. इंग्रजीत फुकट आणि मुक्त यांना एकच शब्द असल्याने घोटाळा होतो. मराठीत तरी होऊ नये.

आता घरची गोष्ट. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ची नियमित सेवा संपली आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या यंत्रांवर बसत नाही. मुलांसाठी हप्त्याने घेतलेला संगणक मग भंगारात घालायचा काय? अशा यंत्रावर लिनक्स बहुधा नीट चालते. पत्रे, हिशेबाचे तक्ते लिब्रे ऑफिसमध्ये होतात, तेही मराठीतून. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवरच शिकत आली आहेत.

मात्र नोकरीच्या जाहिरातीत टॅली आणि एक्सेल मागतात. आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे कारकून. ते न येणारा मुलगा मुलाखतीतून हात हलवत परत येतो, हे जाणतो. ते शिकावेच, पण अधिकृत प्रतीवर.

विहाराच्या संगणकावरचे कॉपी केलेले सर्व आम्ही काढून टाकले. लिनक्स बसवल्यावर प्रिंटर दोन रविवार चालला नाही, मग एका पोराने खटपट करून चालू केला. स्मरणिकेचा मजकूर पेनड्राइव्हवर ठेवला आहे. ज्या वाडीला हवा, तिने येऊन घेऊन जावा.