डिझाइनसाठी कॉम्प्युटर घ्यायचा? आधी काम पाहा, मग यंत्र



आजवर मी आपल्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयीच बोलत आलो. कॉम्प्युटरविषयी लिहिण्याची पाळी येईल असे वाटले नव्हते. पण समुद्रपूर तालुक्यातील एका हळद उत्पादकाच्या ओसरीवर चहा घेत असता त्यांनी विषय काढला, "साहेब, पोरगी म्हणते कम्प्युटर पाह्यजे. दुकानदार नव्वद हजार सांगून राह्यला. घेऊ का नको, तुमीच सांगा जी."

मुलीने नागपूरला डिझाइनचा अभ्यासक्रम पुरा केला होता. गावातच राहून लग्नपत्रिका, बॅनर आणि बचत गटाच्या हळदीच्या पाकिटांची लेबले करावी, असा तिचा विचार. विचार चांगलाच होता. वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि चांगला माल चांगल्या पाकिटात गेला तर त्याचे मोल कळते. अडचण पैशाची होती. कापसाचे चाळीस हजार रुपये घरात बाजूला ठेवलेले, उरलेले पन्नास हजार हप्त्याने द्यायचे. पहिला हप्ता येणार जूनमध्ये, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. मुलीची आई एवढेच म्हणाली, "पोरगी घरी राहून कमावत असन तर पाह्यजेच. पण बियाण्याचा पैसा मोडू नका."

मी त्यांना विचारले, "भाऊ, बैल घ्यायला बाजारात जाता तेव्हा काय पाहता?"

"दात पाहतो, चाल पाहतो, गाडीले जुंपून पाहतो."

"अन् शिंगांचा रंग?"

ते हसले. दुकानदाराने दाखवलेल्या यंत्राला रंगीबेरंगी दिवे होते आणि महागडे ग्राफिक्स कार्ड होते. असे कार्ड खेळांसाठी आणि त्रिमिती चित्रपटांच्या कामासाठी लागते. पत्रिका, लेबल, बॅनर यांना प्रोसेसरमधील अंगचीच सोय पुरते. पुढे वर्ध्याच्या एका छापखान्यातील जाणकार गृहस्थांकडे आम्ही तिघे जाऊन बसलो. तेथे जे उमजले ते आपल्यापुढे ठेवतो.

ठिपक्यांचा हिशेब

मुलीच्या मनात एक भीती होती. तिच्या मैत्रिणीचे यंत्र बॅनर करताना वरचेवर अडकत असे, म्हणून मोठेच यंत्र घ्यावे असे तिला वाटे. छापखान्यातील गृहस्थांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला.

पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. ए-४ आकाराचा कागद इंचाला ३०० ठिपके या मापाने केला, तर २४८० गुणिले ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर चित्राच्या एका थराला सुमारे ३५ एमबी जागा लागते. वीस थर केले तरी ७०० एमबी. हे ओझे साधे यंत्रही ओढते.

आता दहा फूट बाय पाच फूट बॅनर घ्या. तोही ३०० च्या मापाने केला तर ६४ कोटी ८० लाख ठिपके होतात आणि एकाच थराला सुमारे २.६ जीबी जागा लागते. यंत्र अडकणारच! पण बॅनर लांबून पाहायचा असतो. त्याला इंचाला ७२ ठिपके बहुधा पुरतात. तेवढ्यावर तोच थर १५० एमबीच्या आत येतो. बैल मरतुकडा नव्हता, गाडी चुकीची भरली होती. अशी चूक पन्नास हजारांचे कर्ज काढून दुरुस्त होत नाही.

पैसा कुठे घालावा

रॅम म्हणजे खळे. एका वेळी जेवढा माल पसरायचा, तेवढे खळे हवे. या कामाला १६ जीबी रॅम घ्यावी. ८ जीबीवर काम सुरू होते, पण लवकरच ओढाताण होते. रॅमची एक खाच रिकामी राहील असे पाहावे, म्हणजे पुढे वाढवता येते.

साठवण म्हणजे कोठार. ती जुन्या फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी असावी, ५१२ जीबीची. यंत्र चटकन सुरू होते ते तिच्यामुळे.

प्रोसेसर सहा कोअरचा असला की पुष्कळ झाले.

पडद्यावर मात्र हात आखडू नये. तो आयपीएस प्रकारचा घ्यावा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. खोक्यावर एसआरजीबी ९९ टक्के किंवा त्याच्या जवळपास लिहिलेले पाहावे. यंत्र बदलले तरी चांगला पडदा पुढे कामाला येतो.

जुने यंत्र घेताना

मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली यंत्रे दुरुस्त करून, वॉरंटीसह विकली जातात. त्यांत चांगले यंत्र निम्म्या किमतीत मिळू शकते, मात्र दात पाहून घ्यावेत. इंटेलच्या प्रोसेसरची पिढी त्याच्या क्रमांकावरून कळते. आय-५ ८५०० म्हणजे आठवी पिढी, १०५०० म्हणजे दहावी. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालते. त्याआधीचे यंत्र कितीही स्वस्त सांगितले तरी विचार करून घ्यावे.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपली स्वतःची एक मोठी फाइल न्यावी, ती उघडून अर्धा तास काम करून पाहावे. पंखा फार ओरडतो का, यंत्र तापून बंद पडते का, हे तेथेच कळते. दोन-तीन दुकानांतून लेखी दरपत्रक घ्यावे. पक्के बिल आणि वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सॉफ्टवेअर, अक्षर आणि रंग

दुकानदार चोरीचे सॉफ्टवेअर फुकट भरून देतो म्हणाला तर नको म्हणावे. त्यातून व्हायरस येतो आणि गिऱ्हाइकाचे काम बुडते. रेखाकृतीसाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप आणि पानाच्या मांडणीसाठी स्क्रायबस ही सॉफ्टवेअर रीतसर मोफत मिळतात. छापखाना कोरलड्रॉची फाइल मागतो की पीडीएफ चालते, हे आधी विचारावे. पीडीएफ चालत असेल तर खर्च पुष्कळ वाचतो.

मराठी अक्षरांसाठी युनिकोड फॉन्ट वापरावेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट विनामूल्य आहेत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधील मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की भलतीच अक्षरे दिसतात. म्हणून छापायला देताना अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून द्यावे. दुरुस्तीसाठी मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवावी.

रंगाचेही तसेच. पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग तयार करतो. छापखाना निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून करतो. त्यामुळे पडद्यावरचा हळदीचा पिवळा कागदावर तसाच उतरेल असे नाही. मोठी छपाई करण्याआधी एक नमुना छापून पाहावा.

गावातली काळजी

वीज जाते-येते, म्हणून यूपीएस हवाच. काम जतन करून यंत्र नीट बंद करण्याएवढा वेळ तो देतो. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. कापूस साठवलेल्या खोलीत यंत्र ठेवू नये. रुईचे तंतू पंख्यात अडकले की यंत्र तापते, आणि आपल्या वर्ध्याचा उन्हाळा काही थंड नसतो. ते जमिनीवर न ठेवता टेबलावर, भिंतीपासून थोडे दूर ठेवावे आणि महिन्यातून एकदा बंद करून धूळ काढावी. केलेल्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. बियाणे आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसेच हे.

शेवटी काय झाले?

त्या कुटुंबाने आठव्या पिढीचे, १६ जीबी रॅमचे दुरुस्त केलेले यंत्र घेतले. पडदा आणि यूपीएस नवे घेतले, दुसऱ्या प्रतीसाठी एक डिस्क घेतली. सारे चाळीस हजारांच्या आत बसले, हप्ता करावा लागला नाही. बचत गटाच्या लेबलाचा पहिला नमुना नारिंगी निघाला. मुलीने रंग सुधारला, दुसरा नमुना बरा आला, मग पाकिटे छापली. कामे अजून थोडीच येतात. पण पेरणीचे बियाणे घरच्या पैशातून आले आणि मुलगी घरी आहे.

मंडळी, आपल्या घरात अशी मागणी आली तर मुलांवर रागावू नका आणि दुकानदारावरही लगेच विश्वास टाकू नका. मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून एका कागदावर लिहून घ्या: कोणते काम करणार, कोणासाठी करणार, पहिल्या वर्षी किती कामे मिळतील. तो कागद खिशात घालूनच दुकानाची पायरी चढा.