सड्यावरची पाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पाल म्हटली की भिंत आणि दिव्याभोवतीचे किडेच डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे घरातली आणि रानातली पाल एकच, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घरपालीच्या हेमिडॅक्टिलस या प्रजातीतच शंभराहून अधिक जाती आहेत. त्यांतली हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही जाती रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, राहते. अॅलिस ग्रँडिसन आणि पी. डब्ल्यू. सोमण यांनी 1963 साली तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावच्या नमुन्यांवरून.

शेपटीसकट जेमतेम बोटभर, गडद तपकिरी अंगावर पांढुरके पट्टे, असं तिचं रूप. मला ती घरपालीपेक्षा कितीतरी देखणी वाटते. पाली चिकट द्रवामुळे भिंतीला धरून राहतात हा समजही चुकीचा आहे. चढणाऱ्या पालींच्या रुंद बोटांखाली अतिसूक्ष्म केस असतात आणि रेणूंमधल्या आकर्षणामुळे ते पृष्ठभागाला धरतात. सड्यावरची ही पाल मात्र जमिनीवरची. तिची बोटं त्या मानाने अरुंद असतात.

ती विषारी असेल ही भीती तर साफ निराधार. भारतातली एकही पाल विषारी नाही. दुधात पाल पडली तर ते टाकूनच द्यावं, पण कारण विष नव्हे; तिच्या अंगावरचे आणि विष्ठेतले जिवाणू.

सर्वांत घातक गैरसमज पालीविषयीचा नाही, सड्याविषयीचा आहे. उन्हाळ्यात काळाठिक्कर पडलेला कातळ पाहून ‘इथे काय आहे?’ असं म्हटलं जातं आणि जमीन पडीक ठरते. मग चिऱ्यांची खाण निघते, किंवा सुरुंग लावून, माती भरून आंब्याची कलमं लावली जातात. कलमं लावणाऱ्याला दोष देऊन भागणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण कातळावर सुटे पडलेले दगड हाच या पालीचा निवारा. दिवसभर ती त्यांच्याखाली दडते आणि रात्री बाहेर पडते. दगड वेचून गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घातला तर ती शेजारच्या सड्यावर जाईल, हेही गृहीत धरता येत नाही: दोन सड्यांच्या मध्ये दऱ्या, शेतं, खाड्या आणि वाढते रस्ते आहेत, आणि जीव बोटभर लांबीचा आहे.