सहा सामने, तीन गोल

युगांडा म्हटलं की आपल्याला इदी अमीन आठवतो आणि 1972 मध्ये त्याने हाकलून दिलेले गुजराती, गोवेकर. त्याच अमीनच्या राजवटीत, 1978 साली, युगांडाचा फुटबॉल संघ आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. मोरोक्कोला 3-0, उपांत्य सामन्यात नायजेरियाला 2-1. फिलिप ओमोंडीचं नाव सर्वाधिक गोल करणाऱ्यांत झळकलं. अक्रात यजमान घानाने 2-0 ने हरवलं, आणि त्यानंतर 39 वर्षं 'क्रेन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संघाला स्पर्धेत पाऊल ठेवता आलं नाही.

शेजाऱ्यांमध्ये ते दादा होते. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या सेकाफा चषकावर त्यांच्याइतक्या वेळा कुणीच नाव कोरलेलं नाही. मोठ्या स्पर्धेचा उंबरठा तेवढा ओलांडवेना. 2011 मध्ये कंपालाजवळच्या नामबूले मैदानावर केनियाला हरवायचं होतं. सामना गोलशून्य सुटला. पुढच्या वर्षी त्याच मैदानावर आफ्रिकेचा विजेता झांबिया पेनल्टींवर 9-8 ने निसटला.

मला या संघात गुंतवलं ते गोलरक्षक डेनिस ओन्यांगोने. 2017 च्या आफ्रिका चषकाच्या पात्रता फेरीतल्या सहा सामन्यांत युगांडाने सहाच गोल केले, पण खाल्ले फक्त दोन. 4 सप्टेंबर 2016 ला फारूक मियाच्या एकमेव गोलवर कोमोरोसला हरवून संघ गॅबनला निघाला. तिथे घाना आणि इजिप्त दोघांकडून 0-1. इजिप्तचा गोल तर 89व्या मिनिटाला. मालीशी 1-1 झाल्यावर एक गुण हाती आला. पण त्याच सुमारास विश्वचषक पात्रतेत नामबूलेवर इमॅन्युएल ओक्वीच्या गोलने इजिप्तला नमवलं आणि घानाला दोन्ही सामन्यांत गोल करू दिला नाही. सहा सामन्यांत दिलेले गोल दोन, केलेले तीन. गटात दुसरा क्रमांक! इतक्या तुटपुंज्या भांडवलावर एवढं उभं करणं मला थोर वाटतं. मामेलोडी सनडाउन्स क्लबसोबत आफ्रिकेची चॅम्पियन्स लीग जिंकलेल्या ओन्यांगोला 2016 साठी आफ्रिकेत खेळणाऱ्यांतला सर्वोत्तम खेळाडू निवडलं गेलं. असा मान गोलरक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो.

2019 च्या आफ्रिका चषकात डीआर काँगोला 2-0 ने हरवून संघ बाद फेरीत गेला. तिथे सेनेगलने एका गोलने रोखलं. मार्च 2021 मध्ये पुढच्या आफ्रिका चषकाच्या पात्रतेसाठी मलावीत नुसती बरोबरी पुरली असती, तर 0-1 ने हार. त्यानंतर लगेच ओन्यांगोने राष्ट्रीय संघातून निवृत्ती जाहीर केली.

पुढे मैदानच गेलं. नामबूले आंतरराष्ट्रीय निकषांत बसेना, म्हणून 2023 मध्ये टांझानियाविरुद्धचा 'घरचा' सामना इजिप्तमधल्या इस्माइलियात आणि अल्जीरियाविरुद्धचा कॅमेरूनमध्ये खेळावा लागला. दोन्ही हरले. एकेका गोलवर जगणाऱ्या संघाला घरचे प्रेक्षक किती लागतात, हे त्या दोन निकालांत दिसतं. जून 2024 मध्ये दुरुस्त झालेल्या नामबूलेवर बोत्सवानाला 1-0 ने हरवलं, तीनच दिवसांनी अल्जीरियाकडून 1-2.

2027 चा आफ्रिका चषक केनिया, टांझानिया आणि युगांडा मिळून भरवणार आहेत. मैदानं उभी राहतील, त्याची मला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती पुढच्या फळीची. ओमोंडीच्या संघाने 1978 च्या पाच सामन्यांत नऊ गोल केले होते. तसा गोल करणारा माणूस युगांडाला अजून शोधायचा आहे.