ग्रामपंचायतीची घरपट्टी : आकारणी, हरकत आणि अपील

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव येमाई देवीच्या नावाने ओळखले जाते. अशा गावात घरांचे नाना प्रकार एकाच वेळी नांदतात. गावठाणात दगडमातीच्या भिंतींची जुनी घरे असतात, त्यांच्या शेजारी सिमेंटच्या छताची नवी घरे उभी राहतात आणि वाड्यावस्त्यांवर शेतकऱ्यांची स्वतंत्र बिऱ्हाडे असतात. या सर्वांवर एकाच ग्रामपंचायतीने घरपट्टी बसवावयाची असते. नोंदवहीतील घर आणि प्रत्यक्षातील घर यांत तफावत पडली, म्हणजे तिचा भार मालकास वर्षानुवर्षे सोसावा लागतो. ही तफावत दूर करण्याचा मार्ग कायद्याने दिलेला आहे. परंतु आकारणी कशी होते हे ठाऊक असल्याखेरीज त्या मार्गाचा उपयोग होत नाही.

घरपट्टी बसविण्याचा ग्रामपंचायतीचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम 124 मधून येतो, आणि आकारणीची रीत 1960 च्या कर व फी नियमांत सांगितलेली आहे. मध्यंतरी घराच्या क्षेत्रफळावर, चौरस फुटास अमुक पैसे, अशी सरधोपट आकारणी होत असे. या पद्धतीस उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. त्यानंतर 31 डिसेंबर 2015 च्या सुधारित नियमांनी आकारणी भांडवली मूल्यावर आणली. फेरआकारणी दर चार वर्षांनी होते. सबब एकदा पडलेली चूक निदान चार वर्षे तरी सोबत राहते.

भांडवली मूल्य काढताना प्रथम घराच्या क्षेत्रफळास जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने गुणतात. नंतर त्याच क्षेत्रफळास बांधकामाच्या दराने व घसाऱ्याच्या प्रमाणाने गुणून तो आकडा पहिल्यात मिळवतात. येणाऱ्या बेरजेस वापराचा भारांक लावतात. राहत्या घराचा भारांक एक असून व्यापारी वापराचा त्याहून अधिक असतो. अशा रीतीने निघालेल्या मूल्याच्या दर हजार रुपयांस, बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे ठरविलेल्या दराने, कर बसतो.

केवळ समजुतीसाठी काही आकडे घेऊ. घर 60 चौरस मीटर, जमिनीचा दर 500 रुपये, बांधकामाचा दर 10,000 रुपये व घसाऱ्याचे प्रमाण 0.80 असे धरल्यास जमिनीचे 30,000 व बांधकामाचे 4,80,000 मिळून मूल्य 5,10,000 रुपये होते. हजारी 1.20 रुपये दराने कर 612 रुपये येतो. आता मोजणीत हेच घर 45 चौरस मीटर निघाले, तर कर 459 रुपयांवर येतो. शिवाय ते सिमेंटचे नसून दगडमातीचे व जुने आहे असे सिद्ध झाले, आणि बांधकामाचा दर 5,000, घसाऱ्याचे प्रमाण 0.50 व कराचा दर हजारी 0.60 रुपये लागला, तर मूल्य 1,35,000 व कर अवघा 81 रुपये होतो. दोन नोंदी चुकल्यामुळे वर्षास 531 रुपयांचा, म्हणजे चार वर्षांत 2,124 रुपयांचा, फरक पडला.

यावरून हरकत कशावर घ्यावयाची हे स्पष्ट होते. ‘कर फार झाला’ एवढ्या तक्रारीस उत्तर देता येत नाही. ‘क्षेत्रफळ चुकले आहे’, ‘भिंती मातीच्या आहेत’, ‘बांधकामाचे वर्ष निराळे आहे’, ‘दुकान बंद होऊन तेथे आता वसती आहे’ या तक्रारी मात्र तपासता येतात. यास्तव प्रथम नमुना नं. 8, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उतारा, घ्यावा आणि त्यातील प्रत्येक रकाना घराशी ताडून पाहावा. बिलातील दिवाबत्ती कर, आरोग्य कर व पाणीपट्टी या रकमा घरपट्टीहून वेगळ्या असतात. त्यांची गल्लत करू नये. मोजमापाच्या बाबतीत मिळकत पत्रिका साहाय्यभूत ठरते. गावठाणातील मिळकतींची ड्रोनद्वारे मोजणी करून अशा पत्रिका देण्याच्या उपक्रमाचा आरंभी प्रयोग पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे, झाला होता.

आकारणीची यादी अंतिम होण्यापूर्वी ती प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. ही पायरी सर्वांत सोपी, आणि दुर्दैवाने सर्वांत दुर्लक्षित होय. हरकत लेखी असावी, सूचनेत दिलेल्या मुदतीत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ग्रामपंचायतीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास पंचायत समितीकडे, कवठे येमाईच्या बाबतीत शिरूर पंचायत समितीकडे, अपील करता येते. त्यापुढील अपील जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे चालते व तिचा निर्णय अंतिम असतो.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की, अपील दाखल केल्याने मागणी आपोआप थांबते असे समजून कर थकवू नये. रीतसर बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारी व्यक्ती कलम 14 अन्वये पंचायतीचे सदस्यत्व धारण करण्यास अपात्र ठरते. तेव्हा हरकत कायम असल्याचे लेखी कळवून रक्कम भरणे श्रेयस्कर. दुसरी गोष्ट अशी की, कर आकारणी नोंदवहीतील नाव हा मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. भावाभावांतील वाटणीचा वाद कराच्या अपिलात मिटत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे.

घरपट्टी हे गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाचे एक मुख्य साधन आहे. त्यामुळे हरकत घेणे म्हणजे गावाशी वैर धरणे, असा समज काही ठिकाणी आढळतो. तो यथार्थ नाही. एकाच्या मातीच्या घरावर सिमेंटच्या घराचा कर बसतो आणि दुसऱ्याचा नवा मजला नोंदीवाचून राहतो, तेव्हा कराचा भार गावात विषम वाटला जातो. नोंद दुरुस्त करून घेणारा गृहस्थ आपले चार पैसे वाचवितो हे खरे. परंतु त्याबरोबरच तो गावाची नोंदवही अधिक खरी करतो.