गाजलेली कादंबरी आणि वाचकाचा अपेक्षाभंग

स्वरूप

जिची कीर्ती पुस्तकाआधी येऊन पोचलेली असते अशी कादंबरी वाचून मन न भरणे, हा अपेक्षाभंग. सुमार पुस्तकाचा कंटाळा येतो, तो पुस्तकापुरता राहतो. अपेक्षाभंगात मात्र पुस्तकासोबत त्याच्या कीर्तीचीही झडती होते.

घडण

वाचक कोऱ्या मनाने वाचत नाही. जर्मन समीक्षक हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये यासाठी 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना मांडली. लेखकाचे पूर्वीचे लेखन आणि वाङ्मयप्रकाराचे रूढ संकेत यांवरून पुस्तक कसे असेल याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. परीक्षणे आणि पुरस्कार तो फुगवतात.

'हिंदू'चे उदाहरण

भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८) जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे. ऐन पंचविशीत 'कोसला' (१९६३) आली; 'बिढार'पासून 'झूल'पर्यंतचे चांगदेव चतुष्टय १९७९ मध्ये पूर्ण झाले. पुढची कादंबरी, 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ', थेट २०१० मध्ये. एकतीस वर्षांच्या प्रतीक्षेत अनेकांनी मनातल्या मनात दुसरी 'कोसला' लिहून ठेवली होती. पुढे २०१४ चे ज्ञानपीठ मिळाले. ते एकूण साहित्यासाठी असले, तरी पुरस्काराचे वलय आधी ताज्या पुस्तकाला चिकटते.

प्रत्यक्षात हाती आला तो सुमारे सहाशे पानांचा ऐवज. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळताच खानदेशातील आपल्या गावी, मोरगावला निघतो, एवढाच वर्तमानातील धागा. बाकी सारे आठवणी, भाऊबंदकी, जातीपोटजाती, रूढी आणि वादविवाद. कथानक शोधणारा वाचक येथे अडखळतो. पण हा पसारा हेतुपुरस्सर आहे. उत्खननात थरांखाली थर लागतात, तशीच रचना.

खरी अडचण वेगळी आहे. 'कोसला'तील पांडुरंग सांगवीकर गोंधळलेला आहे आणि त्या गोंधळातूनच त्याची भाषा फुटते. खंडेराव मात्र पुष्कळदा समजावून सांगू लागतो. तेथे कादंबरीकार नेमाड्यांच्या खांद्यावरून देशीवादाचे, म्हणजे साहित्य आपल्या मातीत आणि परंपरेत रुजावे या भूमिकेचे, पुरस्कर्ते नेमाडे डोकावतात आणि पात्राचा आवाज पातळ होतो.

खानदेशातील वाचक

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यातील वाचकाला मोरगावची शेती, घरे आणि माणसांच्या बोलण्यातील लेवा बोलीचे वळण ओळखीचे वाटते. त्यामुळे इतरत्र रटाळ वाटणारी पाने त्याला रुचू शकतात. धुळ्याकडची अहिराणी निराळी. तेथला वाचक 'खानदेशची कादंबरी' या लौकिकावर विसंबला, तर त्याला आपली बोली फारशी सापडत नाही. म्हणजे एका प्रदेशातही क्षितिजे दोन.

उपयोग

अपेक्षाभंगाची जागा नेमकी दाखवता आली, तर त्याची समीक्षा होते. 'कंटाळवाणी आहे' हे मत झाले. 'कोणत्या प्रकरणात पात्र थांबते आणि व्याख्यान सुरू होते' हे निरीक्षण. ते इतर वाचकांना पडताळून पाहता येते.

मर्यादा

याउस यांच्या मते क्षितिज आणि कलाकृती यांतील अंतर हेच कलात्मक मूल्याचे गमक असू शकते. क्षितिज बदलले की नाकारलेली कृतीही स्वीकारली जाते. मात्र हा युक्तिवाद दुधारी आहे. त्याच्या आडोशाने प्रत्येक विस्कळीत पुस्तकाला 'काळाच्या पुढचे' ठरवता येईल. शिवाय 'हिंदू' नियोजित कादंबरीमालिकेचा पहिला भाग आहे. त्यामुळे अर्धवट सुटलेल्या धाग्यांचा हिशेब या एका खंडावरून मांडता येत नाही. पात्राच्या पातळ झालेल्या आवाजाला मात्र ही सबब लागू होत नाही.