उहुराच्या खुर्चीची गोष्ट

दोस्तांनो, 'स्टार ट्रेक' ही मालिका माहीत आहे ना? नसेल तर आईबाबांना विचारा. त्यांच्या लहानपणी ती आपल्या दूरदर्शनवरही लागायची. अमेरिकेत तिचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ ला दाखवला गेला. नंतर तिच्या कितीतरी नव्या मालिका नि चित्रपट निघाले. मी तिचा पक्का चाहता! पण चाहता म्हणजे काही भाट नव्हे. म्हणून आधी जे खटकतं तेच सांगतो.

'एंटरप्राइझ' हे अवकाशयान सुसाट निघालं, की घूंऽऽ असा आवाज येतो. आता आवाजाला पसरायला हवेसारखं माध्यम लागतं, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. अवकाशात हवा नाही, मग आवाज कुठला? शिवाय परग्रहावरचे बहुतेक लोक अगदी आपल्यासारखेच! फार तर कान टोकदार, नाहीतर कपाळावर वळ्या.

माणूस यानात अदृश्य होतो नि क्षणात ग्रहावर प्रकटतो, ही युक्ती मात्र मला जाम आवडते. गंमत म्हणजे, ती सुचली काटकसरीतून! दर आठवड्याला अख्खं यान ग्रहावर उतरवण्याची दृश्यं परवडणारी नव्हती.

मग इतक्या चुका असून ही मालिका मला का आवडते? तिच्यातल्या खुर्च्यांमुळे! यानाच्या नियंत्रणकक्षात कोण कोण बसतं, बघा. सुलूचं काम करणारे जॉर्ज टाकेई जपानी वंशाचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांना लहानपणी अमेरिकेतच छावणीत डांबलं होतं. चेकोव्ह रशियन, आणि तोही अमेरिका-रशियाचं हाडवैर असतानाच्या काळात! आणि संदेशवहन सांभाळणारी उहुरा कृष्णवर्णीय.

उहुरा झालेल्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या. तेव्हा त्यांना मार्टिन ल्यूथर किंग भेटले. त्यांनी 'सोडू नका' असा आग्रह धरला, ही आठवण निकोल्स नेहमी सांगत. त्या थांबल्या. तिकडे शिकागोत मे जेमिसन नावाची मुलगी उहुराला टीव्हीवर पाहत होती. १९९२ मध्ये तीच मुलगी अवकाशात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली! पुढच्याच वर्षी तिने 'स्टार ट्रेक'च्या एका भागात छोटीशी भूमिकाही केली.

आणि भारतीय? इथे माझी खरी तक्रार आहे. १९६७ च्या एका भागात खान नूनियन सिंग हा खलनायक आला. नाव आपल्याकडचं, पण नट मेक्सिकोत जन्मलेला. २०१३ च्या चित्रपटात तर खान झाला एक गोरा इंग्रज नट! उलट १९७९ च्या चित्रपटात आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा चक्क एंटरप्राइझची दिशा सांभाळत होती. त्यासाठी तिने डोक्याचा गोटाही केला. पण भूमिका कुणाची? परग्रहवासी बाईची! म्हणजे भारतीय पात्राला परदेशी नट, नि भारतीय नटी मात्र परग्रहावरची. आहे की नाही अजब?

तुम्ही म्हणाल, टीव्हीवरच्या खोट्या खुर्चीचं एवढं काय? पण मेसारख्या मुलीला ती खुर्ची दिसली, म्हणूनच वाटलं ना, की तिथे आपणही बसू शकतो!

तर आता एक काम करा. कागदावर तुमच्या अवकाशयानाचा नियंत्रणकक्ष काढा. सहा खुर्च्या मांडा आणि प्रत्येकीवर एक नाव लिहा. लिहून झालं, की शांतपणे बघा : कोण राहून गेलं?