श्रीकरणाधिप हेमाद्री : देवगिरीच्या दरबारातील विद्या आणि सत्ता

हेमाडपंत हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे ते दगडी देवळांमुळे आणि मोडी लिपीमुळे. या दोहोंचे जनकत्व परंपरेने त्याच्याकडे दिले आहे. समकालीन साधनांत दिसणारा हेमाद्री मात्र याहून निराळा आहे, आणि अभ्यासकास तोच अधिक विचारणीय वाटावा.

वत्सगोत्री कामदेवाचा हा पुत्र यादव राजा महादेव (१२६१–१२७१) याचा श्रीकरणाधिप होता. 'करण' म्हणजे येथे राजाची लेखनकचेरी. दानपत्रे, जमिनीचे लेख, राजाज्ञा या सर्वांवर त्या कचेरीच्या प्रमुखाची नजर असे. महादेवाच्या मागे त्याचा पुत्र अम्मण गादीवर आला, परंतु रामचंद्राने त्याला लवकरच पदच्युत केले. अशा उलथापालथीत जुन्या राजाच्या विश्वासातील माणसे सहसा टिकत नाहीत. हेमाद्री टिकला. शके ११९४ (१२७२) च्या ठाणे ताम्रपटात तो रामचंद्राचा अधिकारी म्हणून येतो. तेथे लेखनकचेरीबरोबर गजदलाचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आहे आणि झाडीमंडळ जिंकल्याचे श्रेयही त्याला दिलेले आहे.

विद्या, धर्म आणि राज्यकारभार यांचा असा संगम त्या काळी अन्यत्रही आढळतो. जर्मन सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा याचा चॅन्सेलर रायनाल्ड फॉन डासेल हा ११५९ पासून ११६७ मधील मृत्यूपर्यंत कोलोनचा आर्चबिशप होता. त्याने सम्राटाच्या इटलीतील मोहिमांत भाग घेतला आणि कवींना आश्रयही दिला. हेमाद्रीपाशी धर्मपीठ नव्हते, हा भेद मोठाच आहे. पीठाची उणीव त्याने ग्रंथाने भरून काढली, असे म्हणता येईल.

तो ग्रंथ म्हणजे 'चतुर्वर्गचिंतामणि'. व्रत, दान, तीर्थ, मोक्ष आणि परिशेष अशा पाच खंडांची त्याची योजना होती. कोणत्या तिथीस कोणते व्रत करावे, कोणते दान कसे द्यावे, श्राद्धाचा काल कोणता, यांविषयीची पुराणवचने व स्मृतिवचने त्यात विषयवार लावलेली आहेत. ही मांडणी कविप्रतिभेची नव्हे, दप्तराची आहे. राज्याचा एवढा भार वाहणाऱ्या पुरुषाने इतका संग्रह एकहाती केला असेल असे मानणे कठीण. पदरी पंडितवर्ग असलाच पाहिजे. व्याकरणकार बोपदेव हा त्याचा आश्रित होता. त्याचे 'मुग्धबोध' पुढे बंगालमध्ये विशेष रूढ झाले. हेमाद्रीने स्वतः वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीकाही लिहिली.

व्रतांच्या ग्रंथास जोडलेली यादवांची राजप्रशस्ती तर इतिहासाचे प्रमुख साधनच ठरली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८४ मधील आपल्या दख्खनच्या इतिहासात यादव घराण्याची परंपरा लावताना तिचा आधार घेतला. अर्थात ती मंत्र्याने आपल्या धन्याविषयी लिहिलेली आहे, हे वाचकाने विसरू नये.

या साऱ्या ग्रंथांची भाषा संस्कृत आहे. त्याच राज्यात, त्याच दशकांत मराठी ग्रंथरचना उदयास येत होती. महानुभावांनी चक्रधरांच्या आठवणी मराठीत गोळा केल्या. पंथाचे आचार्य नागदेव यांनी तर शिष्यास संस्कृताऐवजी मराठीचाच आग्रह धरला, कारण सामान्य स्त्रीपुरुष संस्कृताने वंचित झाले असते. महानुभावांच्या स्मृतीत हेमाद्री येतो तो चक्रधरांचा वैरी म्हणून. ही विरोधी पक्षाची साक्ष आहे, म्हणून ती जपून घ्यावी लागते. पण प्रशस्तीची साक्ष तरी कोठे तटस्थ आहे? पैठणच्या परिसरात लोकांशी मराठीत बोलणारा पंथ आणि देवगिरीवर व्रतविधी संस्कृतात बांधणारा मंत्री यांचे हेतू जुळणे अवघडच होते.

आता परंपरेविषयी थोडे. चुन्याविना दगड सांधून उभारलेल्या ज्या देवळांना हेमाडपंती म्हणतात, त्या वर्गात नेहमी गणले जाणारे अंबरनाथचे देऊळ शके ९८२ (१०६०) मधील, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे आहे. मोडी त्याने लंकेहून आणली ही कथाही अक्षरांच्या घडणीपुढे टिकत नाही. सिंहली लिपी दक्षिणी वळणाची, तर मोडीची अक्षरे नागरीच्या जलद लेखनातून वळलेली आहेत. कोणास कोणत्या मायन्याने पत्र लिहावे हे सांगणारे 'मेस्तक'ही त्याच्याच नावावर चालत आले. लेखनकचेरीच्या प्रमुखास परंपरेने दिलेल्या देणग्यांपैकी हीच काय ती त्याच्या पदास शोभणारी आहे.